मेक्सिकोकडून गेलेल्या मुलखात खरेच कोणाचे काही बिघडले नाही का?

परभणीकर:
‘१८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहाने कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको वगैरे मेक्सिकोचा मुलूख अमेरिकेकडे गेला खरा, पण मेक्सिकोला दीड कोटी डॉलर आणि रहिवाशांना नागरिकत्व मिळाले, म्हणजे कोणाचे काही बिघडले नाही,’ असे काल एका सदस्याने येथे लिहिले. जमिनीच्या सनदांना हमी देणारे दहावे कलम अमेरिकी सिनेटने काढून टाकूनच तह मंजूर केला, हे त्यांनी सोयीस्करपणे गाळले. पुढे १८५१ च्या कायद्याने कॅलिफोर्नियातील सनदधारकांवरच मालकी सिद्ध करण्याचा भार टाकला; दावे सरासरी सतरा वर्षे चालले आणि जिंकलेल्यांचीही जमीन वकील व सावकारांकडे गेली. अमेरिकेचे स्वागत करणाऱ्या कॅलिफोर्नियातील मारियानो वायेहोलाही सोस्कोल या त्याच्या जमिनीची सनद १८६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गमवावी लागली.

निवृत्त तलाठी, औसा:
वायेहो म्हणजे मोठा जहागीरदार. १९४९ मध्ये निजामाच्या राज्यातील जहागिरी गेल्या, तेव्हा आमच्याकडे कोणी अश्रू ढाळले नाहीत. कागद नसलेल्या कुळाचे हाल मी जवळून पाहिले आहेत. माझे आजोबा कसत असलेली जमीन १९५४ च्या खासरा पत्रकात, म्हणजे शेतवार नोंदवहीत, दुसऱ्याच्याच नावे लागली आणि वडिलांचे आयुष्य त्या दाव्यात गेले.

अंबडची वकील:
आपण दोघेही सातबाऱ्यातच अडकलात. मेक्सिकोच्या कायद्याने मूळनिवासी निदान कागदोपत्री नागरिक होते. कॅलिफोर्नियाच्या १८५० च्या कायद्याने त्यांना वेठीस धरण्याची मुभा दिली आणि त्यांची दीड लाखाच्या आसपास असलेली संख्या १८७० पर्यंत सुमारे तीस हजारांवर आली. न्यू मेक्सिकोतील मूळनिवाशांना मतदानाचा हक्क न्यायालयातून मिळाला तो १९४८ मध्ये, म्हणजे आपल्याकडे निजामाच्या हैदराबादवर पोलीस कारवाई झाली त्या साली.

निवृत्त तलाठी, औसा:
मेक्सिकोचे एवढे गोडवे नकोत. सोनोरा आणि चिवावा या तिथल्या प्रांतांनी अपाची या मूळनिवासी लोकांना मारून डोक्याची कातडी आणणाऱ्यांना बक्षिसे लावली होती.

अंबडची वकील:
लावली होती, नाकारत नाही. पण अमेरिकेकडे गेल्यावर न्यू मेक्सिकोत गावाच्या सामाईक जमिनीचे काय झाले, तेही पाहा. ती गावाची नव्हे, सरकारची, असे १८९७ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि सान मिगेल देल बादो या गावाच्या तीन लाखांहून अधिक एकरांपैकी जेमतेम पाच हजार उरले. गायरानाबाबत आपले महसूल खातेही हीच भाषा बोलते.

निवृत्त तलाठी, औसा:
गायरानावर आपण बोलूच नये. आमच्या गावात गुरांना चरायला वावभर जागा उरलेली नाही.

अंबडची वकील:
ती भूमिहीन दलितांनी खाल्ली, असेच सुचवायचे आहे ना? १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय असूनही दंडाच्या पावत्या जपून ठेवलेल्या माझ्या अशिलांना पट्टा मिळालेला नाही. आपल्यासारख्यांनीच पंचनामे रखडवले.

निवृत्त तलाठी, औसा:
वैयक्तिक आरोप करण्याआधी तलाठी सज्जाचे दप्तर पाहावे. ज्यांच्या ट्रॅक्टरने गायरान नांगरले ते भूमिहीन नव्हते.

परभणीकर:
ट्रॅक्टरवाल्यांची बाजू येथे कोणीच घेतलेली नाही. वायेहो हरला तरी त्याला उभे राहायला न्यायालय होते, मूळनिवाशांना तेही नव्हते, एवढे तरी मान्य करता का?

निवृत्त तलाठी, औसा:
मेक्सिकोपुरते मान्य, वकीलबाईंच्या समाधानासाठी. गायरानाबाबत मात्र इंचभरही हटणार नाही. नियमित झालेली अतिक्रमणे कोणाकोणाची, ती यादी त्यांनी तहसीलमधून आणावी आणि येथे लावावी.