बाळ झाल्याचं छापील कार्ड पाठवणं गरजेचं आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

विषय छोटा वाटेल पण आमच्याकडे यावरून रोज काहीतरी बोलणं होतंय आणि मला खरंच सुचेनासं झालंय, म्हणून इथे विचारतेय.

आम्हाला मुलगी झाली, पहिलंच बाळ. झाली त्याच दिवशी नवऱ्याने फॅमिली ग्रुपवर आणि मित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला, जवळच्यांना फोन केले, सगळीकडून भरभरून मेसेज आले. कळवायचं काम संपलं असंच मी धरून चालले होते. आता सासूबाईंचं म्हणणं आहे की एवढी आनंदाची बातमी नीट छापून, पाकिटावर नाव घालून प्रत्येकाच्या घरी गेली पाहिजे, ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं असं होत नाही. त्यांनी यादीही करायला घेतलीये आणि ती रोज वाढतेय. नवरा म्हणतो तुला जमेल तसं कर. आता "जमेल तसं" म्हणजे फोटो निवडणं, मजकूर लिहिणं, पत्ते गोळा करणं, पाकिटं भरणं हे सगळं शेवटी माझ्याकडेच येणार, आणि बाळ रात्री दर दोन तासांनी उठतंय, सिझेरियन झालंय त्यामुळे फार वेळ बसवतही नाही.

सासूबाईंवर अजिबात राग नाहीये, त्यांनी या दिवसात माझं खूप केलंय. म्हणूनच सरळ "नको" म्हणायला जीव होत नाही. तुमच्यापैकी कोणी अशी कार्डं पाठवलीत का? नाही पाठवली तर लोकांना वाईट वाटतं का? आणि आता इतक्या उशिरा पाठवणं बरं दिसेल का?

प्रतिसाद

खूप खूप अभिनंदन! गरज नाही. तुम्ही झोपा. बाळ झोपलं की तुम्हीही झोपायचं, पाकिटं नंतर.

प्रतिसाद

अभिनंदन! बाळ झाल्यावर कागदोपत्री करायलाच हवी अशी एकच गोष्ट, ती म्हणजे जन्माची नोंदणी. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ७ मध्ये स्पष्ट लिहिलंय की जन्मल्याबरोबर मुलाची नोंद व्हायला हवी आणि नाव मिळणं हा त्याचा हक्क आहे. ती राहिली असेल तर आधी ती करा, तिला मुदत असते आणि दाखल्यावरच्या स्पेलिंगवर पुढे सगळी कागदपत्रं उभी राहतात. छापील कार्डाला असलं काही वजन नाही, ते फक्त प्रेमाने कळवणं आहे, त्यामुळे न पाठवल्याने काही बिघडत नाही.

उशिराचं म्हणाल तर शिष्टाचाराच्या जुन्या पुस्तकी नियमांतसुद्धा पहिल्या काही महिन्यांत कधीही पाठवलं तरी चालतं असंच धरतात. सहा महिन्यांच्या आत गेलं तर कोणी उशीर झाला म्हणत नाही, आणि लहान बाळाच्या घरातून आलेल्या पाकिटावरची तारीख कोण बघत बसतं? अजून एक, असं कार्ड आलं म्हणजे भेट द्यायलाच हवी असा अर्थ होत नाही. सासूबाईंच्या यादीत लांबच्या ओळखीची माणसं असतील तर त्यांना ते भेटीची आठवण करून दिल्यासारखं वाटू शकतं, म्हणून मी तरी यादी जवळच्यांपुरतीच ठेवीन.

प्रतिसाद

मी थोडं वेगळं सांगते, मी आजी आहे. माझ्याकडे स्मार्टफोन आहे, ग्रुपवरचे फोटो मी बघते, पण चार दिवसांनी शोधायला गेलं की त्यावर शंभर गुड मॉर्निंग येऊन पडलेले असतात. नातवाचं कार्ड आलं होतं ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय, कपडे काढताना रोज दिसतं. माझ्या थोरल्या बहिणीला तर फोन नुसता उचलता येतो, तिला फोटो कोण दाखवणार? तेव्हा सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे असं मला मनापासून वाटतं. मात्र ते काम बाळंतिणीने करायचं नसतं. ज्यांना हौस आहे त्यांनी पत्ते लिहावेत, पाकिटं भरावीत, पोस्टात न्यावीत. सुनेकडे फक्त एक काम, फोटो कुठला घ्यायचा ते सांगणं. असं सांगून बघा, त्यांना आवडेल बघा.

प्रतिसाद

आजींना +१. यादीचे दोन भाग करा. ज्यांच्यापर्यंत फोनवरून बातमी पोचलीच नाही किंवा जे फोटो हातात धरून बघणार आहेत ते एका भागात, बाकी सगळे दुसऱ्या भागात. पहिल्या भागात फार माणसं निघत नाहीत. आमच्याकडे यादी अशी चाळली तेव्हा सगळा ताणच निघून गेला.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, एका हाताने टाइप करतेय त्यामुळे सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देता येत नाहीये. आजी, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला, पत्ते लिहायचं त्यांनी लगेच स्वतःकडे घेतलं, "माझं अक्षर चांगलं आहे" म्हणाल्या आणि खरंच आहे.

नोंदणी झालीये, दाखला यायचाय.

आता दोन गोष्टी मनात आहेत. एक, बाळ छत्तिसाव्या आठवड्यात झालं, वजन कमी होतं, काही दिवस काचेच्या पेटीत होतं. कार्डावर वजन टाकतात ना, मला ते टाकायची इच्छा नाही. चालेल का? दुसरी, माझी एक अगदी जवळची मैत्रीण आहे, मागच्या वर्षी तिचं बाळ गेलं. ग्रुपवर मी तिचं नाव बघितलं आणि मला फार कसंतरी झालं. तिला कार्ड पाठवायचं की नाही?

प्रतिसाद

वजन अजिबात टाकू नका. ३७ आठवड्यांच्या आधी झालं की ते वेळेआधीचं बाळ, वजन कमी असू शकतं, त्यात विशेष काही नाही, पण आकडा छापला की बघणारे तुलना करतात आणि फोन करून "आता किती झालं" विचारत राहतात. शिवाय पहिल्या काही दिवसांत बहुतेक बाळांचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत परत भरून येतं, म्हणजे तो आकडा छापून येईपर्यंत शिळाच झालेला असतो. नाव, तारीख आणि तुम्हा दोघांची नावं, एवढं पुरे. तिला हातात घेऊन घरी आलात तो दिवस तुम्हाला जास्त जवळचा वाटत असेल तर तो लिहा. दत्तक घेणारे आईबाप तसंच करतात, बाळ घरी आल्याची तारीख छापतात.

प्रतिसाद

मैत्रिणीबद्दल लिहिते कारण मी तुमच्या मैत्रिणीच्या जागी होते.

प्लीज तिला वगळू नका. लोकांनी मला वगळलं, मला त्रास होईल म्हणून काळजीनेच केलं असेल, पण दुसऱ्या कुणाकडून कळलं की ते जास्त लागतं, वाटतं आपल्याला आता कोणी आनंदात धरतच नाही. आणि अचानक पाकीट फोडून समोर बाळाचा फोटो आला तर तेही सोसत नाही. माझ्या एका मैत्रिणीने मला आधी एकटीला मेसेज केला होता, ग्रुपवर नाही, फोनही नाही. फोन आला की तिथल्या तिथे आनंदी आवाज काढावा लागतो, मेसेज वाचून मनसोक्त रडता येतं आणि मग उत्तर देता येतं. तिने लिहिलं होतं की मला बाळ झालंय, तुझी खूप आठवण येतेय, उत्तर द्यायची घाई नाही, फोटो तुला हवा असेल तेव्हाच पाठवीन. आणि माझ्या बाळाचं नाव लिहिलं होतं त्यात. ते नाव दुसऱ्या कोणी लिहिलेलं मी किती दिवसांनी बघितलं असेन. तुमच्या मैत्रिणीने बाळाचं नाव ठेवलं असेल तर ते लिहा. कार्ड मग तिने मागितलं तर.

धागाकर्ती

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आजच लिहिते तिला. तिच्या मुलाचं नाव मला माहीत आहे.

प्रतिसाद

मी छपाईच्या धंद्यात आहे, कामाचं तेवढं सांगतो. थोडीच कार्डं असतील तर डिजिटल प्रिंट घ्या. ऑफसेटला प्रत्येक रंगाची प्लेट बनवावी लागते म्हणून ते मोठ्या संख्येलाच परवडतं, डिजिटलला प्लेट नसते, वीस कार्डंही निघतात. साइज ए६ ठेवा, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर, सी६ पाकिटात बरोबर बसतं. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड सोडा (म्हणजे फोटो किंवा रंग कापायच्या रेषेच्या बाहेर तेवढा वाढवा), नाहीतर कटिंगला कडेला पांढरी रेघ राहते. कागद ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) आसपास, म्हणजे जाडसर.

फोटो कार्डभर हवा असेल तर निदान १२४० बाय १७४८ पिक्सेलचा लागेल. लोक इथेच अडकतात, व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवलेली फाईल लहान होऊन येते आणि छापल्यावर चेहरा फुटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ईमेल करा. स्क्रीनवर जेवढं उजळ दिसतं तेवढं कागदावर येत नाही, म्हणून खिडकीजवळ दिवसा काढलेला फोटो निवडा आणि आधी एकच प्रूफ, म्हणजे नमुना प्रत, काढून बघा. मागच्या बाजूला हाताने दोन ओळी लिहायच्या असतील तर ती बाजू ग्लॉसी नको, बॉलपेन चालत नाही त्यावर. मणी, रिबन, बटणं काही चिकटवू नका, पोस्टाच्या मशीनमध्ये पाकीट फाटतं. आणि तुमच्या स्वतःसाठी दोन जास्त काढाच, त्या अॅसिड फ्री कागदावर, साधा कागद काही वर्षांत पिवळा पडतो.

प्रतिसाद

छान माहिती. एक भर घालतो, पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, हॉस्पिटल, आईचं माहेरचं आडनाव हे सगळं एकाच कार्डावर नको. बँकेत ओळख पटवायला हेच तर विचारतात. कार्ड मिळालेला कोणीतरी कौतुकाने त्याचा फोटो काढून ऑनलाइन टाकणारच, ते तुमच्या हातात राहत नाही. तारीख टाकली तर वेळ आणि हॉस्पिटल गाळा. आणि "फोटो कृपया पुढे पाठवू नये" अशी ओळ टाकली तर कोणी रागावत नाही.

प्रतिसाद

सगळे कार्डाबद्दल लिहितायत, मी तुमच्याबद्दल विचारते. पहिल्या पोस्टमध्ये "सुचेनासं झालंय" लिहिलंत. बाळंतपणानंतर पहिले दोनेक आठवडे रडू येणं, चिडचिड होणं बहुतेकींना होतं आणि आपोआप निवळतं. त्यापुढेही मन उतरलेलंच राहिलं, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, कशातच जीव लागत नसेल तर डॉक्टरांना सांगा, संकोच करू नका, त्यावर चांगले उपचार आहेत. नवऱ्यालाही हे वाचायला द्या. आणि "जमेल तसं कर" हे त्याने तुम्हाला सांगायचं नसून स्वतःला सांगायचं आहे, छापखान्याचं काम त्याच्याकडे द्या.

धागाकर्ती

मी ठीक आहे, काळजीने विचारलंत त्याबद्दल खूप बरं वाटलं. झोप कमी आहे बस. नवऱ्याने हा सगळा धागा वाचला, प्रूफ आणि छपाई तो बघतोय. सासूबाईंनी यादी स्वतःच कमी केली, ज्यांना फोन वापरता येत नाही अशी म्हातारी माणसं, माझ्या आईच्या दोन मावश्या आणि सासूबाईंच्या शाळेतल्या मैत्रिणी, एवढीच ठेवली. मैत्रिणीचं उत्तर आलं. फोटो मागितला तिने.

मजकूर असा ठरवलाय, बघून सांगा:

"आमच्या घरी मुलगी आली आहे. तिचं नाव (इथे नाव). ती आणि आई दोघी छान आहेत. तुमचे आशीर्वाद असू द्यावेत. भेटायला येण्याआधी एक फोन करावा. आई, बाबा आणि आजी."

तारीख मागच्या बाजूला सासूबाई हाताने लिहिणार आहेत.

प्रतिसाद

सुंदर आहे. फोन नंबर घालायला विसरू नका, यादीतल्या माणसांकडे फोनमध्ये सेव्ह केलेला नसेल. आणि अक्षरं जरा मोठी ठेवा, चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत.

प्रतिसाद

हो, १४ पॉइंटच्या खाली जाऊ नका. फाईल छपाईला देताना फॉन्ट आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांचे आकार बनवून) द्या, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मराठी जोडाक्षरं तुटतात.