थायरॉइडची सोनोग्राफी: आपले अनुभव लिहा

थायरॉइडची सोनोग्राफी लिहून दिली की उपाशीपोटी जायचे का, भरपूर पाणी प्यायचे का, असे प्रश्न हमखास पडतात. या तपासणीला यांपैकी कशाचीही गरज नसते आणि रोजची गोळीही चुकवावी लागत नाही. ज्यांनी ही तपासणी करून घेतली आहे, त्यांनी टेबलावर काय झाले आणि अहवालातून काय कळले, ते सविस्तर लिहावे ही विनंती.

*

मंगळसूत्र काढून ठेवल्यावर खांद्यांखाली उशी देऊन मान मागे झुकवली, गार जेल लावले आणि श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंनी प्रोब फिरवला. मध्येच मॅडम म्हणाल्या, "आवंढा गिळा." गिळताना ग्रंथी वर सरकते आणि छातीच्या हाडाआड गेलेला तिचा खालचा भाग दिसतो, असे मी विचारल्यावर त्यांनी समजावले. थोडा दाब जाणवला, दुखले मुळीच नाही.

*

आईंना मानेचा स्पाँडिलायटिस आहे. तसे आधीच सांगितल्यामुळे उशी पातळ दिली आणि मधे विश्रांतीही दिली.

*

अहवालात 1.8 सेंटिमीटरची गाठ आणि 'टायरॅड्स 3' (गाठ कर्करोगाची असण्याचा संशय किती, हे सांगणारी श्रेणी; आकडा मोठा तितका संशय जास्त) असे वाचून घरातले सगळेच हादरले होते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत गाठ भरीव आहे की पाण्याने भरलेली, किती काळसर दिसते, कडा कशा आहेत, आत कॅल्शियमचे बारीक ठिपके आहेत का, अशा लक्षणांना गुण देऊन 1 ते 5 अशी श्रेणी ठरवतात. श्रेणी 3 ची गाठ 2.5 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर सुईची तपासणी (सुईने गाठीतील पेशी काढून तपासणे) सुचवतात, श्रेणी 5 साठी मात्र ही मर्यादा 1 सेंटिमीटर आहे. म्हणून मला केवळ वर्षाने पुन्हा सोनोग्राफी करायला सांगितले. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच वाक्यात सांगितले याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

*

माझा टीएसएच (थायरॉइडच्या कामाची रक्ततपासणी) नॉर्मल असूनही गाठ निघाली. ग्रंथीचे काम रक्ततपासणीत कळते आणि तिची रचना सोनोग्राफीत, त्यामुळे एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये.

*

एका केंद्राच्या अहवालात "उजव्या बाजूस गाठ" एवढेच लिहिले होते. मापेच नसल्यामुळे पुढे गाठ वाढली की तेवढीच राहिली हे ठरवायला डॉक्टरांना आधार उरला नाही. लांबी, रुंदी, जाडी ही तिन्ही मापे आणि मानेतील लसिकाग्रंथींचा (लिम्फ नोडचा) उल्लेख आहे का, हे अहवाल घेतानाच पाहावे आणि जुन्या फिल्म दर वेळी सोबत न्याव्यात.