मदत हवी आहे : परतीच्या पावसातील वादळी वाऱ्याचा अंदाज द्राक्षबागेसाठी कसा बांधावा?

सोलापूरजवळ नान्नज परिसरात आमची २ एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर ओलाव्यात वाढणाऱ्या डाऊनी रोगाच्या भीतीने आम्ही तिच्यावर प्लास्टिकचे आच्छादन टाकतो. अडचण अशी, की पाऊस येणार असेल तर आच्छादन हवे आणि वारा सुटणार असेल तर तेच काढून घ्यायला हवे.

गेल्या वर्षी चित्रा नक्षत्रात तुळजापूरच्या बाजूने ढगांची सलग रांग आली. दुपारभर पान हलत नव्हते. मग एकाएकी गार वाऱ्याचा लोट आला, धुळीत शेजारची बाग दिसेनाशी झाली आणि पहिला थेंब पडायच्या आत कडेच्या क्लिपा उडून प्लास्टिक शिडासारखे फुगले. वेलींना आधार देणारे ३ वाय अँगल (वाय आकाराचे लोखंडी खांब) वाकले, कोपऱ्यावरची ताणाची तार तुटली. पाऊस मात्र जेमतेम १० मिलिमीटर झाला. त्याआधीच्या आठवड्यात ५० मिलिमीटर पडूनही एक क्लिप हलली नव्हती.

हवामान विभागाचा पुढील तीन तासांचा इशारा मी नेमाने पाहतो, पण तो साऱ्या जिल्ह्यासाठी असतो आणि आच्छादन गुंडाळायला ४ माणसांना दीड तास लागतो. ढगांची रांग नुसता पाऊस देणार की वाराही आणणार, हे सकाळच्या कोणत्या खुणांवरून आणि नंतर रडारच्या चित्रात काय पाहून ओळखावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद :

तुमच्या दोन पावसांतला फरक बहुधा मधल्या थरातील कोरड्या हवेचा असावा. ३ ते ५ किलोमीटर उंचीवर हवा कोरडी असली, की पावसाचे थेंब तिच्यात विरतात, त्या बाष्पीभवनाने हवा गार व जड होऊन वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून पावसाच्या पुढे पसरते. म्हणून पाऊस थोडा आणि वारा फार, असे घडते. सर्वत्र दमट हवा असेल, तर पाऊस धो धो पडूनही वारा बेताचाच राहतो.

सकाळी ५.३० ला सोडल्या जाणाऱ्या हवामान फुग्याच्या नोंदीत हा मधला थर आधी पाहावा. तुमच्या बाजूला हैदराबादची नोंद उपयोगी पडेल. दुपारी तापमान व दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते) यांतील फरक मोजावा. दर अंशामागे ढगाचा तळ साधारण १२५ मीटर उंच धरतात. फरक १२ अंश असेल, तर तळ सुमारे १५०० मीटरवर असतो आणि थेंबांना विरायला तेवढी जास्त वाट मिळते.

रडारवर रांग मध्येच पुढे फुगून धनुष्यासारखी वाकू लागली, तर त्या फुगवट्याच्या वाटेवरील गावांना सर्वाधिक धोका असतो. रांगेच्या पुढे सुटी बारीक रेघ दिसली, तर ती थंड वाऱ्याची आघाडी समजावी. मात्र हैदराबादच्या रडारचा किरण सोलापूरवर येईपर्यंत ६ किलोमीटरहून उंच गेलेला असतो, त्यामुळे त्यात ही रेघ दिसणार नाही. जवळच्या रडारचेच चित्र घ्यावे.

रांग ताशी ४० किलोमीटरने सरकत असेल, तर तुमचा दीड तास म्हणजे ६० किलोमीटर. म्हणजे ती तुळजापूरच्या पलीकडे असतानाच माणसे बागेत हवीत. मधला थर कोरडा आणि रांग वाकलेली, अशा दोन्ही खुणा जुळल्या तर मी आच्छादन काढेन. डाऊनीवर नंतर फवारणी तरी करता येते, मोडलेला मांडव मात्र त्या हंगामात उभा राहत नाही.