प्रति: सर्फिंग म्हणजे श्रीमंतांची हौस?

वर एकांनी लिहिलंय की सर्फिंग, म्हणजे फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटांवर स्वार होणं, ही श्रीमंतांची हौस, त्यात कर्तृत्व ते काय? मला हे अजिबात पटत नाही. ड्यूक कहानामोकूचं नाव तर अजून कुणी घेतलंच नाही! हवाईचा हा गडी ऑलिंपिकचा जलतरणपटू. १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्यानं १९१२ आणि १९२० असं दोनदा जिंकलं. ऑस्ट्रेलियात सर्फिंगची गोडी लावली ती त्यानंच. पण मला तो मोठा वाटतो तो १९२५ मुळे. कॅलिफोर्नियात खवळलेल्या समुद्रात मासेमारीची बोट उलटली, तेव्हा सर्फिंगची फळी घेऊन तो लाटांत पुन्हा पुन्हा शिरला आणि आठ जणांना त्यानं जिवंत बाहेर काढलं. जलतरणपटू वीरधवल खाडेच्या कोल्हापुरात पोहणाऱ्याचं मोल वेगळं सांगायला नको. २०१९ च्या महापुरात पाण्यातून माणसं काढणं काय असतं ते आपण बघितलंय, म्हणून ही गोष्ट फार भिडते.

आणि आजचं बघायचं तर ऑस्ट्रेलियाची सर्फर स्टेफनी गिलमोर. पदार्पणाच्याच वर्षी, २००७ ला विश्वविजेती. २०२२ ला अंतिम दिवशी पहिल्या पाच जणींत पाचव्या क्रमांकावरून सुरुवात करून एकेकीला हरवत आठवं विजेतेपद! अमेरिकेचा सर्फर केली स्लेटर याच्यावर इथे भरपूर लिहून झालंय, आता हिच्यावरही लिहा.