मदत हवी आहे: व्हॅनच्या मागच्या दाराला टपावर चढायला शिडी

सोमेश्वरकर
नमस्कार, व्हॅनच्या मागच्या दाराला शिडी बसवायची आहे. टपावर कॅरियर आहे, त्यावर ताडपत्र्या, फोल्डिंगची टेबलं, बांबू असं सगळं असतं. एक फॅब्रिकेटर म्हणतो उद्या गाडी आणा, तासाभरात बोल्ट मारून देतो, दुसरा म्हणतो दार जाईल. पाइप किती इंची घ्यायचा, एमएस (साधं लोखंड) की ॲल्युमिनियम? गणपतीच्या आधी काम व्हायलाच पाहिजे, लवकर सांगा प्लीज.

भोसरी_वर्कशॉप
कुठली व्हॅन? ओम्नी, इको, विंगर, ट्रॅव्हलर सगळ्यालाच लोक व्हॅन म्हणतात. मागचं दार वर उचललं जातं की बाजूला उघडतं? आणि चढणार कोण, वजन किती?

घाटवाट
एक इंची चौकोनी पाइप, १६ गेज जाडीचा, एमएस. डोळे झाकून घ्या. आमच्या मामांच्या ट्रॅव्हलरला दहा वर्षं आहे, काही झालेलं नाही.

लीड्सकर_पम्या
इकडे इंग्लंडात ट्रान्झिट, स्प्रिंटर या व्हॅनना मागे बाजूला उघडणारी दोन दारं असतात, त्यांच्यासाठी रेडिमेड शिडी मिळते, ड्रिल मारायलाच लागत नाही, दाराच्या कडेला आणि बिजागरीला क्लॅम्प होते. तशी मागवा ना.

सोमेश्वरकर
अहो इको आहे, २०१६ ची. मला वाटलं लिहिलंय. दार वर उघडतं. पाइपचं सांगा कोणीतरी.

भोसरी_वर्कशॉप
मग पाइप बाजूला ठेवा आधी. वर उघडणाऱ्या दारावर शिडी म्हणजे दोन त्रास. आठ किलोची शिडी लावलीत की डिकीचे शॉकर (दार वर धरून ठेवणारे दांडे) ते वजन पेलणार नाहीत, कारण ते कंपनीने नुसत्या दाराच्या वजनाला धरून दिलेत. आणि शिडीचं वरचं टोक कॅरियरला अडकवलंत तर डिकी उघडणारच नाही, नाही अडकवलंत तर चढणाऱ्या माणसाचं सगळं वजन दोन बिजागऱ्या, एक लॉक आणि दाराच्या पातळ पत्र्यावर. मामांच्या ट्रॅव्हलरची शिडी कशाला बोल्ट केलीय ते बघून सांगा घाटवाट.

घाटवाट
मागच्या खांबाला आहे बहुतेक. पण मग इकोलाही बाजूला लावा की, टेललाइटच्या वरती.

भोसरी_वर्कशॉप
इकोचं सरकतं दार कुठे सरकतं? मागेच ना. शिडी तिथे लावली तर ते दार अर्ध्यात अडकणार.

दापोलीची_मेघा
आम्ही दारावर लावली होती, इकोलाच. दोन महिन्यांत शॉकर गेले, मग डिकी उघडी ठेवायला कायम एक बांबूचा दांडा गाडीत. एकदा तो सटकला आणि अख्खी डिकी शिडीसकट दिराच्या खांद्यावर आली, नशीब डोक्यावर नाही. पावसाळा संपता संपता बघितलं तर प्रत्येक बोल्टभोवती रंगाला गोल गोल तडे आणि खाली गंजाचे तांबडे ओघळ. समुद्राजवळ पत्र्याला भोक पाडायचंच नाही हे तेव्हा कळलं. शेवटी काढून टाकली, भोकं अजून आहेत.

नियमावली
मोटार वाहन कायदा कलम ५२ वाचा, गाडीत बदल करण्याबद्दल आहे. १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, दोन्हीही होऊ शकतं. आणि पांढरी पाटी की पिवळी? भाड्याचं सामान नेत असाल तर तो वेगळाच विषय आहे.

घाटवाट
अर्ध्या कोकणात गाड्यांवर कॅरियर आहेत, कोणाला आत टाकलं?

नियमावली
मी कलम सांगितलं, तुम्ही कोणाला पकडलं ते विचारताय. शिडीची आडवी पायरी नंबरप्लेटवर आली तर नाक्यावर पहिलं तेच विचारतील.

जुनी_ओम्नी
ओम्नी १९८४ ला आली, २०१९ ला बंद झाली, तिच्या टपावर आम्ही हापूसच्या पेट्या चढवायचो, शिडीबिडी काही नाही, मागच्या चाकावर पाय ठेवला की वर. तसंच करा.

सोमेश्वरकर
तेच तर बंद करायचंय. बाबा ६३ वर्षांचे आहेत, केटरिंग त्यांचंच, दोऱ्या दुसऱ्या कोणाला बांधू देत नाहीत. गेल्या आठवड्यात टायर ओला होता, पाय घसरला, कॅरियरच्या पाइपला हाताने लोंबकळले म्हणून वाचले. तळहाताची कातडी सोलली आहे. मी आत टोप लावत होतो, मला नुसता आवाज आला. म्हणून घाई करतोय. पाटी पिवळी आहे.

दापोलीची_मेघा
हे आधी लिहायचं ना दादा. बाबांना सांभाळा.

भोसरी_वर्कशॉप
मग गाडीला कायमचं काही लावूच नका. सुटी शिडी करा, ॲल्युमिनियमची, वर अडकवायला दोन आकडे (हुक). इकोची उंची साधारण सहा फूट, वर कॅरियर, त्यामुळे साधारण सात फूट लांबी पुरेल पण आधी मोजा. आकडे कॅरियरच्या जाड पाइपवर बसले पाहिजेत, आकड्याला आतून रबर. खालचे पाय जमिनीवर, रबरी बुटांसकट. बंपरवर टेकवू नका, प्लास्टिक आहे. चार फूट उंचीला एक फूट बाहेर या हिशोबाने पाया दीडेक फूट लांब. पायऱ्या दातेरी घ्या, गुळगुळीत गोल पाइप पावसात नको. डिकी बंद करूनच लावायची. आणि चढायच्या आधी कॅरियरचे क्लॅम्प हलवून बघायचे, शिडीचा वरचा आधार त्यांच्यावरच आहे.

लीड्सकर_पम्या
टेलिस्कोपिक (एकात एक सरकणारी) शिडी घ्या, सीटखाली मावते.

भोसरी_वर्कशॉप
माती गेली की तिचे लॉक नीट बसत नाहीत, मांडवाच्या कामाला नको.

सोमेश्वरकर
आज मोजलं. जमिनीपासून कॅरियरच्या पाइपपर्यंत साडेसहा फूट. क्लॅम्प बघायला गेलो तर मागचा डावा हातानेच फिरला, बोल्टचे आटे गेलेत. बाबा त्याच बाजूने चढायचे. चारही बोल्ट बदलायला टाकलेत, शिडी शनिवारी मिळेल, आकडे एमएसचे करून घेतोय. ॲल्युमिनियमच्या शिडीला एमएसचा आकडा वेल्ड होत नाही म्हणतोय तो, बोल्टने बसवला तर चालेल ना?

भोसरी_वर्कशॉप
चालेल. एका आकड्याला दोन बोल्ट, नायलॉक नट (हादऱ्याने सैल न होणारे), मधे रबराची पट्टी घाला नाहीतर दोन धातू एकत्र आले की खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पहिल्यांदा तुम्ही चढा, मग बाबा.

जुनी_ओम्नी
कॅरियर लावल्यावर इकोचं ॲव्हरेज किती पडलं तुमचं?