‘प्राप्यकारी’ आणि ‘अप्राप्यकारी’ : नेमका अर्थ काय?

चोपडा : न्यायदर्शन (तर्क आणि ज्ञान यांचा विचार करणारं प्राचीन भारतीय दर्शन) यावरच्या टिपणात ‘चक्षु (डोळा) प्राप्यकारी आहे’ असं वाचलं. प्राप्य म्हणजे मिळण्याजोगं ना? आणि अप्राप्यकारी म्हणजे माध्यमातून जाणणारं, असं घेतलं तर चालेल?

अमळनेर : दोन्ही नाही. ‘दुष्प्राप्य’मधलं प्राप्य विशेषण आहे. इथलं ल्यबन्त (धातूला ‘-य’ लागून झालेलं) अव्यय, म्हणजे ‘गाठून’. विषयाला गाठून काम करतं ते प्राप्यकारी, न गाठता करतं ते अप्राप्यकारी.

जीभ, त्वचा आणि नाक यांवरून भांडण नाही. भांडण डोळ्याचं. नैयायिकांच्या (न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या) मते पाचही बाह्य इंद्रियं प्राप्यकारी. डोळा तैजस (तेजाचा बनलेला), त्याचे किरण जाऊन वस्तूला भिडतात. जैनांच्या मते डोळा आणि मन अप्राप्यकारी. तत्त्वार्थसूत्र हा जैन ग्रंथ (१.१९) या दोघांना व्यंजनावग्रह, म्हणजे विषयाच्या संपर्कातून होणारी पहिली अस्पष्ट जाणीव, नाकारतो. बौद्ध आचार्य वसुबंधूच्या अभिधर्मकोशात कानही या अप्राप्यकारी यादीत जातो.

धुळे : विरोधकांचा नेहमीचा आक्षेप : डोळा भिडूनच पाहतो, तर त्याला चिकटलेलं काजळ त्याला का दिसत नाही? आणि काचेपलीकडचं कसं दिसतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत (अध्याय ३) आहे : काच, अभ्रक, स्फटिक किरणांना अडवत नाहीत, भिंत अडवते. किरण असतात याचा पुरावा म्हणून रात्री फिरणाऱ्या प्राण्यांचे चमकते डोळे दाखवलेत. हा पुरावा आता बाद धरा. मांजराच्या दृष्टिपटलामागे परावर्तक थर असतो, बाहेरचा उजेड त्यावरून परततो. ठार काळोखात ते डोळे चमकत नाहीत.

यावल : मराठी मात्र नैयायिकांच्या बाजूची दिसते. नजर जाते, पोचते, खिळते. वास येतो, आवाज कानावर पडतो. अहिराणीतही नजर ‘जास’ आणि वास ‘येस’. भरिताची वांगी काड्यांवर भाजताना वास गल्लीभर येतो, तेव्हा नाक कुठे गेलेलं नसतं.

अमळनेर : म्हणूनच प्राप्ती म्हणजे ‘इंद्रियाने जाणं’ असं समजू नका. कोण कुणाकडे गेलं हा वेगळा प्रश्न, भेट झाली की पुरे. वासाचे सूक्ष्म कण द्रव्यासकट नाकाशी येतात, कारण गुण एकटा प्रवास करत नाही. शब्दाचं आणखी निराळं : पहिल्या शब्दातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असा लाटांसारखा (वीचितरंग) उपजत शेवटचा कानातल्या आकाशात (पोकळीत) उमटतो, तोच आपण ऐकतो. माध्यम असलं म्हणून इंद्रिय अप्राप्यकारी ठरत नाही.

कान अप्राप्यकारी मानणाऱ्यांची अडचण तापीकाठी बघा. पलीकडे साधारण ३५० मीटरवर कुणी धुणं आपटलं, तर आपटणं आधी दिसतं आणि आवाज सेकंदभराने येतो. २० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांना सुमारे ३५८. न गाठताच ऐकायचं, तर हा उशीर कशाचा?

भुसावळ : एक पुरवणी. ठेच्याच्या मिरच्या तव्यावर परतताना लागणारा ठसका वासात मोजू नका. मिरचीतलं कॅप्सायसिन नाकाघशातल्या दाह जाणणाऱ्या चेतातंतूंना चेतवतं, वास ओळखणाऱ्या पेशींचा त्यात संबंध नाही. सर्दीने नाक चोंदलेल्या माणसालाही ठसका लागतो. इंद्रियांच्या जुन्या वाटणीत तो त्वचेकडे जाईल, घ्राणाकडे नाही.

चोपडा : मग टिपणात ‘डोळा वस्तूला भिडून पाहतो’ लिहू?

अमळनेर : लिहा, पण ‘नैयायिकांच्या मते’ हे आधी जोडा.