घर विकून सात आठवडे झाले, उरलेले पैसे अजून सॉलिसिटरकडेच

रेडिंगची_पाहुणी

इंग्लंडमधल्या मंडळींना विचारायचंय. आमचा रेडिंगचा लीसहोल्ड (जमीन दुसऱ्याची, फ्लॅट ठरावीक वर्षांच्या करारावर आपला) फ्लॅट विकला. शुक्रवारी कम्प्लीशन झालं, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन ताबा दिला, पावणेएकला मी एजंटच्या टेबलावर किल्ल्या ठेवल्या, त्याला आता सात आठवडे झाले. हिशोब सरळ आहे. विक्री 2,85,000 पौंड. त्यातून मॉर्गेजचे 1,91,406 फिटले, एजंटचे व्हॅट धरून 4,104, सॉलिसिटरचे (घरविक्रीचं काम पाहणाऱ्या वकिलाचे) 1,920. उरले 87,570. पैकी 85,000 त्याच संध्याकाळी आमच्या जॉइंट खात्यात आले. बाकीचे म्हणे शेवटचे आकडे जुळले की चार दिवसांत.

ते चार दिवस अजून चालू आहेत.

कम्प्लीशन स्टेटमेंटवर 1,000 पौंडांपुढे 'रिटेन्शन' लिहिलंय. म्हणजे काय, ते कुणी धड सांगितलं नाही. पण वरच्या 1,570 चं काय? फोन केला की रिसेप्शनवरची मुलगी फार गोड बोलते, तिला आता माझा फाइल नंबर पाठ झालाय. ती पॅरालीगलकडे (सॉलिसिटरच्या मदतनिसाकडे) फोन देते, पॅरालीगल म्हणते अकाउंट्सला विचारते, आणि अकाउंट्सवाले क्लायंटशी बोलत नाहीत. सॉलिसिटर बाई मंगळवार ते गुरुवारच असतात. ईमेलला उत्तर एका ओळीचं: बघतोय, कळवतो. विक्री चालू होती तेव्हा हीच माणसं 'आजच सही करून स्कॅन पाठवा' म्हणून दिवसातून तीनदा मागे लागायची!

85,000 आले की, मग 1,570 साठी एवढा जीव का टाकते, असं कुणी म्हणेल. अहो, पण आमचेच आहेत ना? नवरा म्हणतो, थेट ओम्बड्समनकडे (वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकतात ते) जाऊ. जावं का?

थेम्सकाठचा

ते 1,000 सध्या विसरा. लीसहोल्ड फ्लॅटचा सर्व्हिस चार्ज (बिल्डिंगच्या देखभालीचा खर्च) आधी अंदाजाने घेतात, खरा खर्च वर्ष संपल्यावर कळतो. तुम्ही राहत होतात त्या महिन्यांची तूट निघाली तर ती नव्या मालकाच्या गळ्यात पडू नये म्हणून काही रक्कम बाजूला ठेवतात. आमचे 750 असेच अडकले होते. वर्ष डिसेंबरला संपलं आणि मॅनेजिंग एजंटने (बिल्डिंगची देखभाल पाहणाऱ्या कंपनीने) हिशोब काढले पुढच्या ऑगस्टात! माझ्या वाट्याची तूट 112 निघाली, 638 परत मिळाले. तेही मी मॅनेजिंग एजंटला विचारून हिशोब आल्याचं सॉलिसिटरला कळवलं म्हणून. त्यांच्या लक्षात राहील या भरवशावर बसू नका. तुमच्या बिल्डिंगचं हिशोबाचं वर्ष कधी संपतं आणि रिटेन्शन कोणत्या अटीवर सुटणार, हे आजच लेखी विचारून ठेवा.

खतावणी

मी अशाच एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, म्हणजे तुमच्याशी न बोलणाऱ्यांपैकी. :)

"माझे पैसे कुठे आहेत" असं विचारू नका, त्याला "बघतोय" हे उत्तर ठरलेलं आहे. "माझ्या फाइलच्या क्लायंट लेजरची प्रत पाठवा" असं लिहा. प्रत्येक क्लायंटचं वेगळं लेजर ठेवावंच लागतं. कोणत्या तारखेला किती आले, किती गेले, सगळं त्यात दिसतं. शिवाय क्लायंट अकाउंट (क्लायंटचे पैसे वेगळे ठेवायचं बँक खातं) निदान दर पाच आठवड्यांनी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवायचं असतं. म्हणजे तुमचे 1,570 सात आठवड्यांत एकदा तरी कुणाच्या नजरेखालून गेलेत.

दुसरं, पैसे ठेवून घ्यायला योग्य कारण उरलं नाही की ते लगेच परत करायचे, असा सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीच्या (सॉलिसिटरांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) अकाउंट्सच्या नियमांत नियमच आहे. ईमेलमध्ये नियम 2.5 चा उल्लेख करा. आकडा पाहिला की लोक खुर्चीत सरळ बसतात. व्याजही 'वाजवी' द्यायचं असतं, पण एवढ्या रकमेवर सात आठवड्यांचं व्याज ते किती? बऱ्याच ऑफिसांत ठरावीक रकमेखाली देतच नाहीत.

आता एक प्रश्न. 85,000 आले ते खातं अजून चालू आहे ना?

तिकीटमास्तर

ओम्बड्समनकडे थेट गेलात तर परत पाठवतील. आधी त्यांच्याच ऑफिसात तक्रार करायची, विषयात 'तक्रार' हा शब्द स्पष्ट घालून. तक्रार कुणाकडे करायची ते सुरुवातीच्या कागदांत असतं. त्यांना आठ आठवडे मिळतात. त्यात मिटलं नाही, किंवा अंतिम उत्तर पटलं नाही, तर लीगल ओम्बड्समन. पण अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. फी नाही. हे इंग्लंड-वेल्सचं झालं, स्कॉटलंडचा कारभार निराळा. तेव्हा आठ आठवड्यांचं घड्याळ आजच चालू करा.

रेडिंगची_पाहुणी

खतावणी, तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळा आला. जॉइंट खातं आम्ही कम्प्लीशननंतर आठवड्याभरात बंद केलं होतं. पैसे नव्या बचत खात्यात टाकले आणि सॉलिसिटरला सांगायचं दोघंही विसरलो. मला वाटलं ह्याने सांगितलं, ह्याला वाटलं मी.

लेजरची प्रत मागितल्यावर दोन दिवसांत आली. त्यात स्वच्छ दिसतं: कम्प्लीशननंतर नवव्या दिवशी 1,570 बाहेर, लगेच 1,570 परत आत. बँकेने परत पाठवलेले. मग त्यांनी नवीन खात्याची माहिती मागणारं पत्र पाठवलं. टपालाने. फाइलवरच्या पत्त्यावर. म्हणजे आम्ही विकलेल्या फ्लॅटवर!

रॉयल मेलचं रीडायरेक्शन (जुन्या पत्त्यावरचं टपाल नव्या पत्त्यावर वळवायची सोय) मी घेतलं होतं, पण फक्त माझ्या नावाचं. पत्र नवऱ्याच्या नावाने. काल जुन्या घरी जाऊन आले. नव्या मालकीणबाईंनी हॉलमधल्या रेडिएटरवर आमची चार पाकिटं नीट रचून ठेवली होती, त्यातलं तिसरं हे. ज्यांनी आमचं घर विकलं तेच आम्ही तिथे राहतो असं धरून चालले, आणि सात आठवडे मी फोन करतेय तर कुणी फाइल उघडून "तुमचे पैसे परत आलेत" एवढं म्हणू नये? चूक आमची, मान्य. पण निम्मी.

खतावणी

नवीन खातं ईमेलने कळवू नका, कुणी सांगितलं तरी. खोट्या ईमेलने खातं बदलून पैसे पळवायचे प्रकार एवढे झालेत की आम्ही ते मान्यच करत नाही. पासपोर्ट आणि बँक स्टेटमेंट घेऊन दोघं जा.

रेडिंगची_पाहुणी

आज दोघं जाऊन आलो. रिसेप्शनवरच्या मुलीने आवाजावरून ओळखलं. पाऊण तासात काम झालं, आणि आम्ही ट्रेनमध्ये असतानाच 1,570 आले. व्याज शून्य. तिकीटमास्तरांनी सांगितल्याप्रमाणे तक्रार केली होती, ती मात्र मागे घेतलेली नाही. आता 1,000 राहिले. थेम्सकाठचा, आमच्या बिल्डिंगचं वर्षही डिसेंबरलाच संपतं, म्हणजे ऑगस्टपर्यंत जय हरी विठ्ठल.